कुलूप कुणी फोडायचं

पहिला दगड माझ्या कानाजवळून गेला आणि फाटकावर आपटला. दुसरा टीकारामच्या पाठीत बसला. "आमा!" असं आईच्या नावानं तो कळवळला, पण हातातला हातोडा काही त्यानं सोडला नाही. छिन्नी कुलपाच्या कडीत रुतली होती. आणखी थोडे घाव बसले असते तर काम झालं असतं.

"बाकीचे कुठे मेले गं?" तो ओरडला.

बाकीचे मला चांगले दिसत होते. रस्त्यापलीकडे माइलीदिदीच्या चियाच्या, म्हणजे चहाच्या, दुकानात बसले होते. बी.ए. अर्थशास्त्र, चौथं वर्ष, आमचा जवळजवळ अख्खा वर्ग. कुणी चण्याची बशी पुढ्यात घेऊन, कुणी पुस्तकात डोकं घालून. आदल्या दिवशी याच दुकानात याच टेबलावर हातावर हात ठेवून सगळ्यांनी शपथ घेतली होती की उद्या मिळून कुलूप फोडायचं. सगळ्यात मोठ्यानं ओरडला होता पुष्कर बेल्बासे. तो आता पेल्यात फुंकर मारत होता.

हे कुलूप विद्यार्थी संघटनेचं होतं. नेपाळात, आमच्या बुटवलात, कॅम्पसला म्हणजे कॉलेजला कुलूप लागणं नवं नाही. ज्याला काही मागायचं असतं तो फाटकाला साखळी घालतो, आणि ज्यानं घातली त्यानंच ती काढायची असा रिवाज आहे. कॅम्पस प्रमुख त्याला हात लावत नाही, पोलीस लांबून बघतात. या वेळची मागणी होती परीक्षा पुढे ढकला. कारण सांगितलं होतं अभ्यासक्रम अपुरा आहे. खरं कारण शेंबड्या पोरालाही माहीत होतं. महिन्यावर संघटनेची निवडणूक आली होती, आणि चौथं वर्ष परीक्षा देऊन बाहेर पडलं की त्याचं मत गेलं. होमनाथ अर्यालला आमची मतं हवी होती. आमचा हा थोर विद्यार्थी नेता वयानं पस्तिशीच्या पुढे, दोन लेकरांचा बाप, आणि अजून पहिल्या वर्षात. एका विषयात पास व्हायची वेळ आली की हा दुसऱ्या विषयात नाव घालतो. विद्यार्थी नसेल तर नेता कसा राहील?

शेवटच्या पेपरची परीक्षा याआधी दोनदा अशीच टळली होती. माझं काय, मी आणखी थांबले असते. टीकारामला थांबता येणार नव्हतं. त्याच्या बाबांनी त्याचा पासपोर्ट काठमांडूच्या दलालाकडे देऊन ठेवला होता. गावातली सगळी पोरं मलेशियाला गेली होती, हा एकटा पुस्तकं घेऊन बसलेला. "या खेपेला शेवटचा पेपर झाला तर पासपोर्ट परत आणतो, मग बस बँकेच्या परीक्षांना," बाबा म्हणाले होते, "आणि पुन्हा टळली तर मुकाट विमानात बसायचं." आमच्या वर्गात अर्थशास्त्र खरोखर आवडणारा माणूस एकच होता. आलेख काढताना त्याचा चेहरा देवळात गेल्यासारखा व्हायचा. तो मलेशियात जाऊन खोकी उचलणार, या कल्पनेनंच माझं डोकं भणभणायचं.

नियम सोपा होता. बाराच्या घंटेला फाटक उघडं असेल, प्रश्नपत्रिकेचं पाकीट फुटलं आणि एका जरी विद्यार्थ्यानं सही केली, तरी परीक्षा झाली असं धरतात. मग जो बाहेर राहील तो नापास. आमच्या गोमा मिस आतच, कॅम्पसच्या क्वार्टरमध्ये राहायच्या. पाकीट घेऊन त्या तयार होत्या. फक्त कुलूप तुटायला हवं होतं.

"मार!" मी टीकारामला म्हटलं आणि पाठीनं त्याला आडोसा देऊन उभी राहिले.

तेवढ्यात लांबून दगड मारणारी होमनाथची माणसं जवळ आली. सहाजण, हातात वेळूच्या काठ्या, तिनाउ नदीच्या पात्रातले गोटे खिशात, एकाकडे काळ्या रंगाचा डबा. होमनाथ मागून सावकाश, वऱ्हाडातल्या व्याह्यासारखा.

"दिलसरा बहिनी," तो गोड आवाजात म्हणाला, "घरी जा. पुन घराण्याची पोर तू, उगाच तोंड फोडून घेशील."

"होमनाथ दाजू, तुम्ही आधी पहिलं वर्ष पास व्हा. मग मला शिकवा."

दुकानातून कुणीतरी हसलं. एवढंच आमच्या वर्गानं त्या दिवशी केलं.

काठी माझ्या तोंडावर बसली. दात तुटल्याचा आवाज मला आतून ऐकू आला. मी खाली वाकले, हाताला लागला तो गोटा उचलला आणि मारणाऱ्याच्या गुडघ्यावर हाणला. तो बसला. दुसऱ्यानं माझी वेणी धरून मला फाटकावर आपटलं. मी त्याच्या मनगटाला चावले आणि सोडलंच नाही. रक्त त्याचं होतं की माझं कोण जाणे, तोंड खारट झालं होतं. मला भीती वाटत नव्हती. मला फक्त राग आला होता, आणि खरं सांगते, त्यातला अर्धा राग रस्त्यापलीकडच्यांवर होता.

खण्‌ असा आवाज झाला. कुलूप तुटलं. साखळी सळसळत खाली आली आणि फाटकाचं एक दार माणूस जाईल इतकं उघडलं. त्याच क्षणी चौघं टीकारामवर तुटून पडले. तो उघड्या दारातच कोसळला.

"उजवा हात!" होमनाथ ओरडला. "त्याच्या उजव्या हातावर हाणा रे, पेपर लिहायचाय त्याला!"

टीकारामनं उजवा हात पोटाशी घेतला, गुडघे वर ओढले आणि अंगाची मोट केली. पाठीवर काठ्या पडत होत्या. डोक्यावर पडल्या. डावा हात त्यानं डोक्यावर धरला होता, तो कोपरापाशी मोडला तेव्हा सुकी काटकी मोडावी तसा आवाज आला. तो गुरासारखा ओरडला, पण उजवा हात त्यानं बाहेर काढला नाही. मी त्याच्या अंगावर पडले. मग निम्म्या काठ्या मला बसल्या.

"थांबा!"

गोमा मिस दारात उभ्या होत्या. बुटक्याशा, पांढऱ्या केसांच्या. होमनाथच्या डोळ्यांसमोर त्यांनी पाकिटाची लाख फोडली, टर्रकन कागद फाडला, आणि सहीचा तक्ता खाली धरला. मी रक्ताळल्या बोटांनी सही केली. टीकारामनं पडल्या पडल्या उजवा हात बाहेर काढला, सही केली, आणि हात पुन्हा पोटाशी नेला.

"झाली परीक्षा सुरू," मिस म्हणाल्या. "आता यांना मारून तुला एक मत तरी मिळणार आहे का? हिशेब कर, होमनाथ. एवढं तर पहिल्या वर्षालाही असतं."

होमनाथनं खरंच हिशेब केला. त्याचे डोळे दुकानाकडे गेले. तिथे बसलेले सगळे मतदार होते, आणि आता परीक्षा देऊन ते कसेही हातातून सुटणारच होते. त्यानं काठ्या थांबवल्या. पण रिकाम्या हातानं परतणं त्याला शोभलं नसतं. एकाच्या हातातला काळ्या रंगाचा डबा त्यानं घेतला, मिसच्या तोंडाला काळं फासलं, "मुर्दाबाद" म्हणाला आणि माणसं घेऊन निघून गेला. मिसनी तोंड पुसलंसुद्धा नाही. त्या प्रश्नपत्रिका घेऊन वर्गाकडे गेल्या.

मिसनी हाच धडा आम्हाला शिकवला होता. दोन कैदी, दोन कोठड्या. दोघं एकमेकांना धरून राहिले तर दोघांचं भलं, पण प्रत्येक जण आपापलं बघतो आणि दोघंही बुडतात. आम्ही फिदीफिदी हसलो होतो. परीक्षेत त्याची उत्तरंही आम्ही झकास लिहायचो. पण दुकानात बसलेल्या प्रत्येकानं त्या दिवशी एकच विचार केला. एवढे जण आहेत, माझ्या एकट्याच्या न जाण्यानं काय अडतंय? शिकून सवरून केलेली ही चूक होती. अडाणी माणसानं इतकी नीट केली नसती.

मग घंटा झाली.

मी टीकारामच्या काखेत हात घातला होता. "ऊठ," म्हणत होते, "झालं, जिंकलो आपण, ऊठ." तो हसत होता. ओठ फाटला होता, डावा हात लोंबत होता, आणि तो हसत होता. उठायला आधार म्हणून त्यानं उजवा पंजा जमिनीवर टेकला.

पावलांचा धडधडाट आला. मी वळून बघितलं. अख्खा वर्ग रस्ता ओलांडून पळत येत होता. पाकीट फुटलं होतं, आता बाहेर राहणारा नापास. पेले टाकून, बाकडी पाडून, पेन दातात धरून आले. दार एकच उघडं होतं.

"थांबा! तो खाली आहे!" मी जीव तोडून ओरडले.

कुणी थांबलं नाही. पहिल्या लोंढ्यानं मला भिंतीवर फेकलं. मी माणसांच्या पायांमधून टीकाराम बघत होते. तो पुन्हा मोट करायला बघत होता, पण त्याच्यावर कुणीतरी अडखळलं, त्याच्यावर आणखी कुणी, आणि उजवा हात तसाच बाहेर फरशीवर राहिला. बूट पडले त्यावर. एक, मग एक, मग एक. संघटनेच्या गुंडांना जे जमलं नव्हतं ते आमच्या वर्गानं घंटा वाजून थांबायच्या आत करून टाकलं.

दार मोकळं झालं तेव्हा मी त्याला ओढून भिंतीला टेकवलं. त्यानं हात डोळ्यांसमोर धरला आणि बोटं हलवून बघितली. अंगठा हलला. बाकीच्या बोटांकडे मला बघवलं नाही.

मी वर्गात गेले. सगळे माना खाली घालून लिहीत होते.

"कुणाचे पाय होते?"

पेनं चालत राहिली.

"टीकाच्या हातावरून कोण गेलं?"

"एवढ्या गर्दीत काय कळणार, दिलसरा?" पुष्कर म्हणाला. "मी तर मागे होतो."

"मीही मागेच होते," एक मुलगी म्हणाली.

"मघाशी का नाही आलात?"

"मला वाटलं बाकीचे जातील," पुष्कर म्हणाला, आणि त्याला हे पुरेसं वाटलं.

मी त्याची मान धरली आणि त्याचं तोंड बाकावर आपटलं. नाकातून रक्त आलं आणि त्याच्या कोऱ्या पानावर टपटपलं. मला वाटलं हा आता उठेल, मला मारेल, निदान शिवी देईल. मला तेच हवं होतं. त्यानं बाहीनं नाक पुसलं, घड्याळ बघितलं, पान उलटलं आणि पुढे लिहायला लागला.

"दिलसरा, बस," मिस म्हणाल्या. काळ्या तोंडात त्यांचे डोळे लाल झाले होते. त्यांच्या हातात आणखी एक उत्तरपत्रिका होती. ती घेऊन त्या बाहेर गेल्या, मी मागोमाग. मिस टीकारामसमोर मांडी घालून बसल्या, धुळीत.

"बाळ, तू सांग. मी कुणी लिहून देणारा शोधते. अर्ज करते. भांडते."

"अर्ज मंजूर होईपर्यंत वेळ संपेल, मिस." त्याचा आवाज अगदी साधा होता. "दिलसरा, तू इथे काय करतेस? जा की. कुलूप कशाला फोडलं मग?"

"टीका, बाबांना मी सांगते. मी येते तुझ्या घरी. ते पासपोर्ट परत आणतील. एवढं बघितल्यावर आणतीलच."

"आणतीलच," तो म्हणाला. "मलेशियालाही दहाच्या दहा बोटं तपासूनच माणूस घेतात."

मी रडायला लागले, तर तो माझ्यावर ओरडला, "जा म्हटलं ना!" आयुष्यात पहिल्यांदा ओरडला तो माझ्यावर. मी उठले, आत गेले, पुष्करच्या शेजारच्या बाकावर बसले आणि पेपर लिहिला.