म्हशीच्या जागी

पिराजी आणि शालूबाई हे नवराबायको दिवाळीच्या पाडव्यापासून एकमेकांशी थेट बोलत नव्हते. जे काही असेल ते चंद्रीला सांगायचे. चंद्री ही त्यांची म्हैस. आमच्या वाचनालयासमोरच्या कट्ट्यावर संध्याकाळी पिराजी तिची धार काढून गिऱ्हाइकांना तिथंच पेल्यात दूध द्यायचा आणि शालूबाई पेले विसळायच्या.

"चंद्रे, तुझ्या मालकाला सांग, पेलं संपल्यात."

"चंद्रे, मालकिणीला म्हणावं, डोळं हायत आमाला."

चंद्री दोघांचंही शांतपणे ऐकून घ्यायची. गिऱ्हाइकांनाही त्यात काही वावगं वाटत नसे.

या अबोल्याचं कारण सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. आमच्याकडं पाडव्याला म्हशी सजवून मिरवतात आणि त्यांचे नंबर काढतात; तेव्हा पिराजीनं शालूबाईंचा लग्नातला शालू न विचारता चंद्रीच्या पाठीवर घातला. चंद्रीचा पहिला नंबर आला. शालूबाईंना काय वाटलं, ते कुणी विचारलं नाही.

त्या हिवाळ्यात, दोन हजार तीन साली, वाचनालयात जीवन कौशल्यांचा वर्ग सुरू झाला. जयसिंगपूरच्या रूपाली मॅडम शिकवायला येत. मी तिथला ग्रंथपाल, म्हणून सतरंज्या घालणं माझ्याकडे होतं. या विषयावरची पुस्तकं मी बरीच वाचली होती, पण ती मला नीट कळली असतील असं वाटत नसल्यामुळे मी मागं बसायचो.

पिराजी आणि शालूबाई दोघंही वर्गाला आले, म्हणून चंद्रीही आली. तिच्याशिवाय त्यांना एकमेकांना "जरा सरकून बसा" एवढंही सांगता येईना. ती दारात उभी राहायची, अर्धी आत. मॅडमनी हरकत घेतली तेव्हा आकाराम पैलवान म्हणाला, "मॅडम, फळ्यावर तुमीच लिवलंय की, सर्वांसाठी!"

मॅडमनी विषय बदलला. "मनातलं सांगताना 'मला वाटतं' अशी सुरुवात करावी," त्या म्हणाल्या.

आकाराम लगेच उठला. "मला वाटतं, ह्यो ज्ञानू बिनडोक हाय."

"ही भावना नाही, हे मत झालं."

"मत न्हवं मॅडम, खरं हाय." शेजारी बसलेल्या ज्ञानूनंही मान डोलावली.

पिराजीनं मात्र शिकलेलं मनावर घेतलं. धार काढताना तो चंद्रीच्या पोटाला कपाळ टेकून हळूच म्हणायचा, "मला वाईट वाटतं, चंद्रे. इचारल्याबिगार शालू घ्याय नको हुता. चुकलं माझं." जवळच्या खिडकीतून मला सगळं ऐकू यायचं. 'हे त्यांना सांगा की' हे वाक्य रोज माझ्या ओठांवर यायचं आणि रोज मी एखादं पुस्तक कपाटात सरळ करत बसायचो.

चंद्री गाभण होतीच; पुढं ती आटली, दूध बंद झालं. व्यायच्या आधी तिला नेसरीला शालूबाईंच्या भावाकडं चाऱ्याला पाठवायचं ठरलं. आदल्या दिवशी भर वर्गात शालूबाई म्हणाल्या, "चंद्रे, मालकाला सांग, तुझ्यासंगं टेम्पोतनं मी बी चाललोय. हितं बोलाय कोन हाय मला? आन मी काय परत येत न्हाय."

पिराजी "चंद्रे" म्हणाला आणि सतरंजीची दशी ओढत बसला.

सकाळी टेम्पो आला. चंद्रीला चढवलं. शालूबाई पिशवी घेऊन कट्ट्यावर उभ्या राहिल्या. पिराजी धावत वाचनालयात आला.

"सर, चला. म्हशीच्या जागी हुबं ऱ्हावा."

"मी?"

"तुमी बी काय बोलत न्हाईसा. समदं ऐकून घेतासा."

यात मला खोडून काढण्यासारखं काही सापडेना. मी दोघांच्या मध्ये जाऊन उभा राहिलो. सवयीचं वाटावं म्हणून, बघायला आलेल्या आकारामनं टेम्पोतल्या चंद्रीची घंटा सोडून माझ्या गळ्यात बांधली. शालूबाईंनी मला एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि मी त्यांना चालण्यासारखा वाटलो असेन.

"सर, मालकिणीला सांगा, जाऊ नगो म्हणावं."

"सर, मालकाला इचारा, का म्हणून थांबू?"

"सर, तिला म्हणावं..." पिराजीनं सवयीनं माझी पाठ थोपटली आणि कपाळ माझ्या बरगडीला टेकवलं. "मला लई वाईट वाटतंय."

टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला.

"पिराजी," मी म्हणालो, "मला लाज वाटते आहे. आणि भीतीही वाटते आहे, की त्या जातील आणि मी नुसता उभा राहीन. हे मला नका सांगू. त्यांना सांगा."

"बोलली!" आकाराम ओरडला. "म्हस बोलली!"

शालूबाई दचकून थेट नवऱ्याकडं वळल्या. "अवो, सरास्नी तरास दिलासा न्हवं!"

"मी? तूच की! सकाळधरनं पिशवी घिऊन..."

"मग? शालू मी घातलाता व्हय म्हशीवर?"

पिराजी थांबला. "न्हाय. मी घातला. चुकलं माझं, शालू."

"कुणाला म्हणतायसा? मला का लुगड्याला?"

"तुला."

"म्हशीला हळू सांगतासा त्ये चालतंय. मला मोठ्यांदा सांगा."

पिराजीनं इतक्या मोठ्यांदा सांगितलं की टेम्पोतून चंद्रीनं हंबरून उत्तर दिलं. शालूबाईंनी पिशवी कट्ट्यावर ठेवली. टेम्पो त्यांना न घेताच गेला. मग दोघं शालूला शेणाचा डाग कुठं कुठं पडला यावर कडकडून भांडू लागले. थेट.

माझ्या गळ्यातली घंटा तशीच होती. गाठ मागं होती, हात पोचेना.

"आकाराम," मी म्हणालो, "मला वाटतं, ही आता काढावी."

त्यानं माझ्याकडं बारकाईनं पाहिलं. "सर, ही भावना हाय का मत?"