उरलेल्या दोन पेट्या

मधवाल्याच्या बागेत एके काळी मधमाशांच्या चौदा पेट्या गुणगुणायच्या. मग माशांच्या अंगावर तांबूस गोचीड पडली आणि वर्षभरात बारा पेट्या ओस पडल्या. मधवाल्याने हात टेकले.

"उरलेल्या दोनही जाळून टाकतो," तो लेकीला म्हणाला. "रोग तरी जाईल एकदाचा."

लेक मोठ्या आजारपणातून उठून माहेरी आली होती. चार महिने ती कुणाशी धड बोलली नव्हती. त्या दिवशी मात्र म्हणाली, "बाबा, आधी मला बघू द्या."

दुसऱ्या दिवसापासून ती रोज सकाळी पेटीच्या तळाशी पांढरा कागद सरकवायची आणि त्यावर पडलेल्या गोचिडी न्याहाळत बसायची. आठवड्याने तिने बापाच्या हाती भिंग दिलं.

"पाय बघा यांचे."

बऱ्याच गोचिडींचे पाय कुरतडलेले होते.

"या माशा एकमेकींच्या अंगावरच्या गोचिडी चावून काढतात," ती म्हणाली.

"मेलेल्यांचं बघून शहाण्या झाल्या म्हणायच्या."

"शहाणं कुणी झालं नाही, बाबा. ही खोड यांना जन्मापासूनच. बाकीच्या पेट्यांत ती नसावी. गोचीड आली म्हणून फरक पडला. नसलेल्या गेल्या, असलेल्या उरल्या. आता पुढची वीण यांचीच, म्हणजे खोडही लेकींत उतरणार."

मधवाला तिच्याकडे बघतच राहिला. पोर एका दमात एवढं बोलली होती, गालांवर रंग चढला होता.

"पुन्हा सांग बरं," तो म्हणाला. खरं तर त्याला पहिल्याच वेळी कळलं होतं.

दोघांनी त्या दोन पेट्यांतून नव्या राणीमाशा वाढवल्या. पुढच्या वर्षी सहा पेट्या झाल्या, पण त्यातल्या दोन पुन्हा गोचिडीने खाल्ल्या. लेक पायरीवर बसून रडली.

"अगं, सगळ्याच लेकी आईवर जात नाहीत," मधवाला तिच्या शेजारी टेकला. "राणीकडे नर तर कुठले कुठले येतात, त्यांचं काय सांगावं? चार जगल्या ना? त्या चारांपासून पुढे."

तिसऱ्या वर्षी नऊ पेट्या भरल्या आणि एकही गेली नाही. पलीकडच्या वाटेवरचा दुसरा मधवाला राणीमाशी मागायला आला.

"मला काय विचारता? मालकीणबाई आत आहेत," लेकीचा बाप म्हणाला आणि चहा टाकायला उठला.

खिडकीतून त्याला दिसत होतं, लेक पाहुण्याला पेटीजवळ घेऊन गेली होती आणि हातवारे करत सगळं पहिल्यापासून सांगत होती. त्याने गॅस बारीक केला. बोलणं लवकर आटोपणारं नव्हतं.