‘वाढव’ म्हणजे

तुळशीदासने कॉम्प्युटर रूमच्या दाराशी चपला काढल्या, भिंतीलगत नीट लावून ठेवल्या आणि मग काचेचं दार ढकललं.

"अहो, राहू द्या पायात," जानकी आतून म्हणाली. "आता कोणी काढत नाही."

"असू दे. पायांना सवय आहे."

श्यामकांत खुर्चीतून अर्धवट उठला. पाच वर्षांनी भेटणाऱ्या या माणसाशी पहिलं वाक्य काय बोलायचं, हे त्याने सकाळपासून तीन-चारदा ठरवलं आणि मोडलं होतं. ऐन वेळी तोंडातून निघालं ते एवढंच, "ट्रॅफिक होता का?"

"मढहून वेसाव्याला होडीने आलो, साहेब. होडीला कसला ट्रॅफिक?"

जानकीला हसू आलं. ती इथली ऑपरेटर, येऊन दोनच वर्षं झालेली. पाच वर्षांपूर्वी तिच्या जागी तुळशीदास बसायचा, इतकं तिला कळलं होतं. तो का गेला, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्यांची कामं कॉम्प्युटरवर करून देणारी ही अंधेरीच्या एमआयडीसीतली लहानशी कंपनी. गेल्या वर्षी तिथे नवं मशीन आलं, त्याबरोबर नवी सिस्टीम आली. पण मुलुंडच्या एका बालरुग्णालयाचं काम नव्या सिस्टीमवर काही चालेना. पोलिओ झालेल्या मुलांच्या नोंदी आणि कोणाला कधी तपासणीला बोलवायचं त्या तारखा सांभाळणारा प्रोग्रॅम जुन्या सिस्टीमसाठी लिहिलेला होता. तेव्हा सेक्शनप्रमुख म्हणून श्यामकांतने तोड काढली. नव्या मशीनच्याच पोटात एक कप्पा वेगळा केला आणि जुनी सिस्टीम तिच्या सगळ्या बाडबिस्तऱ्यासकट, फाइली, नोंदी, जे होतं नव्हतं ते घेऊन, त्यात नेऊन बसवली. कप्प्यातलं बाहेर येत नाही, बाहेरचं आत जात नाही. आतल्या बिचारीची समजूत, की आपण अजून त्या जुन्याच मशीनवर आहोत. जानकीने तिचं नाव म्हातारी ठेवलं होतं.

म्हातारी वर्षभर निमूट चालली. अठ्ठ्याऐंशीचा जानेवारी उजाडला आणि ती अडून बसली. सुरू केली की तारीख विचारायची. तारीख दिली की पुन्हा तारीखच विचारायची. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसली गत. रुग्णालय आता स्वतःचं मशीन घेणार होतं आणि त्याआधी त्यांना सगळी नोंद एकदा कागदावर छापून हवी होती. ती दिली की म्हातारीचा कप्पा कायमचा पुसायचा, असा मॅनेजर राजारामचा हुकूम होता. जानकीने आठ दिवस डोकेफोड केली. श्यामकांतला प्रोग्रॅम कळायचे, पण जुन्या सिस्टीमसमोर रोज बसण्याचं काम ऑपरेटरचं होतं, तो कधी बसला नव्हता. शेवटी राजारामने विचारलं, तेव्हा समोर कोण बसायचं? ते नाव श्यामकांतलाच सांगावं लागलं होतं.

तुळशीदास खुर्चीत बसला. होडीचे दोर ओढून ओढून त्याची बोटं जाड झाली होती. त्याने ती आधी पँटला पुसली.

"काय म्हणते?"

"तारीख घेतच नाही ना," जानकी म्हणाली. "वाट लावलीय माझी."

"साल काय देता?"

"अठ्ठ्याऐंशी. दुसरं कुठलं देणार?"

"सत्त्याऐंशीच्या पुढचं साल तिला ठाऊकच नाही. बनवणाऱ्याला वाटलं असेल, तोवर हिला कोण विचारतंय. मागचं कुठलंही साल सांगा, गपगुमान चालेल."

"म्हणजे खोटं सांगायचं?"

"तिला कुठे खिडकी आहे बाहेर बघायला?"

त्याने बोटं कळांवर ठेवली आणि मान न वळवता विचारलं, "कुठली तारीख देऊ, साहेब?"

"कुठलीही दे," श्यामकांत म्हणाला. मग त्याला वाटलं, आता या माणसाला अरेतुरे करायचा आपला काय हक्क, आणि त्याने घाईने जोडलं, "द्या."

तुळशीदास जरा थांबला. मग त्याने सावकाश एकेक कळ दाबली. ऑक्टोबर, साल ब्याऐंशी. त्या वर्षीची खंडेनवमी. श्यामकांतने ते आकडे दोनदा वाचले.

त्या खोलीत तेव्हा एक रीत होती. अनंतराव नावाचे जुने प्रमुख होते, ते दर खंडेनवमीला मशीनला हळदकुंकू लावून झेंडू वाहायचे. यंत्रासमोर ‘बंद कर’ असं अभद्र बोलायचं नाही, हा त्यांचा दंडक. नारळ आपण फोडत नाही, वाढवतो. बांगडी फुटत नाही, वाढते. दुकानदारसुद्धा रात्री दुकान वाढवतो. तसं मशीनही संध्याकाळी वाढवायचं. एखादी फाईल भरली की ती टेपवर उतरवून रिकामी करायची, म्हणजे तीही वाढवायची. अनंतराव निवृत्त झाले, शब्द राहिला. त्यांच्या जागी आलेला श्यामकांत त्या शब्दाला हसायचा. पण तो त्याला माहीत नव्हता, असं कोणी म्हणू शकलं नसतं.

ब्याऐंशीच्या खंडेनवमीला श्यामकांत मुलुंडला घरी होता आणि तुळशीदास कामावर. घराखालच्या केमिस्टकडे श्यामकांतसाठी फोन आला. सात नंबरची फाईल भरत आली आहे, काय करू? "मग वाढव," श्यामकांत म्हणाला. त्याला म्हणायचं होतं, तिची जागा वाढव. तुळशीदासने खोलीच्या रीतीप्रमाणे फाईल रिकामी केली. ती आधी टेपवर उतरवायचं काम श्यामकांतचं होतं, आणि त्या आठवड्यात ते राहून गेलं होतं. एकोणीसशे मुलांच्या नोंदी गेल्या. त्या पुन्हा भरायला तीन महिने लागले. तेवढे दिवस तपासणीला बोलावण्याची पत्रं कोणाच्याच घरी गेली नाहीत.

चौकशीत श्यामकांत खोटं बोलला नाही, निदान त्याने स्वतःला तसं पटवलं. ‘वाढव’ म्हणालो, हे त्याने कबूल केलं. वर एकच वाक्य लिहून दिलं: ‘शंका होती तर ऑपरेटरने विचारायला हवे होते, त्याने विचारले नाही.’ तुळशीदास सांगत राहिला की मी विचारलं होतं, नोंदीत लिहून ठेवलंय. पण त्याला मशीनपाशी जाऊ दिलं नाही आणि नोंद बघायला दुसरं कोणी गेलं नाही. श्यामकांतही गेला नाही. ज्या दिवशी जावंसं वाटायचं, त्या दिवशी नेमकं दुसरं काम निघायचं. पुढे जावंसं वाटणंही थांबलं. गेल्या वर्षी म्हातारीला कप्प्यात हलवताना ती नोंद त्याच्या हाताखालून गेली, तेव्हासुद्धा त्याने ती उघडली नव्हती.

आता म्हातारी जागी झाली. तिची एक खोड होती. तारीख दिली की त्या दिवशीच्या ऑपरेटरच्या नोंदी आधी दाखवायची, पाळी बदलताना पुढच्याला सगळं कळावं म्हणून. पडद्यावर हिरव्या ओळी उमटू लागल्या.

"जरा पाणी पिऊन येतो," म्हणत तुळशीदास उठला आणि बाहेर गेला.

नोंदी रोमन अक्षरांतल्या मराठीत होत्या. जानकी वाकून अडखळत वाचू लागली.

"साडेदहा. पूजा झाली. पेढे वाटले. अकरा दहा. सात नंबर भरत आली. साहेबांना फोन. म्हणाले, वाढव. विचारले, वाढव म्हणजे रिकामी करू ना, टेप झाली ना? म्हणाले, हो हो. अकरा वीस. सात नंबर वाढवली." ती थांबली. "सर, ‘वाढव’ म्हणजे काय?"

श्यामकांत पडद्याकडे बघत राहिला. केमिस्टच्या दुकानातला कडवट वास त्याला आठवला. औषध बदलून मागणारं एक गिऱ्हाईक तावातावाने भांडत होतं. जिन्यातून बायको हाक मारत होती, "अहो, वाढलंय! निवतंय सगळं!" आणि तो म्हणाला होता, हो हो. ते हो हो बायकोला होतं की तुळशीदासला, हे त्याला आजही सांगता आलं नसतं. पण फोन त्याच्या कानाला होता, आणि फोनमधला आवाज काहीतरी विचारत होता.

"सर?"

"ते पान छापून घे," तो म्हणाला. "मग रुग्णालयाचं काम लाव."

दोन तास प्रिंटर खडखडत राहिला. तुळशीदास स्टुलावर बसून कागद घडीवर घडी पडताना बघत होता. मधेच कागद तिरका जाऊ लागला तेव्हा जानकीच्या आधी त्याचाच हात पुढे गेला. शेवटचं नाव छापून झालं तेव्हा तो उठला.

"येतो, साहेब. ओहोटी लागली की होडीपर्यंत चिखल तुडवावा लागतो."

श्यामकांत त्याच्या मागोमाग दारापर्यंत गेला आणि हातातला कागद पुढे केला.

"हे तुमच्याकडे असू द्या."

तुळशीदासने कागदाकडे पाहिलं, पण हात पुढे केला नाही. "मला कशाला? मीच लिहिलंय ते."

"चुकलं माझं. मी तेव्हाच बघायला हवं होतं."

"हो," तुळशीदास म्हणाला. त्यात राग नव्हता, आणि माफीही नव्हती. तो चपलांपाशी गेला. "माझं काही अडलं नाही. भावाची होडी आहे, पोट भरतं. पण ते कामावरून काढल्याचं तुमचं पत्र आलं ना, विचारले नाही म्हणून, ते आईला मीच वाचून दाखवलं होतं. तिला वाचता येत नव्हतं. त्यानंतर तिचं एकच. ‘इचाराला काय झालं होतं रं तुला?’ मी सांगायचो, आई, विचारलं होतं. तर म्हणायची, ‘मग कागदावर खोटं कशाला लिवतील?’ छापील अक्षरावर फार विश्वास तिचा."

श्यामकांतने पुढे केलेला हात मागे घेतला. त्याला त्या बाईचं नावही ठाऊक नव्हतं.

"गेल्या शिमग्याला गेली," तुळशीदास म्हणाला. त्याने दुसरी चप्पल पायात सरकवली. "हा कागद तिला दाखवायचा होता."

त्याची पावलं जिना उतरून गेली. श्यामकांत दाराशी तसाच उभा होता. त्याला मनापासून वाटलं की धावत खाली जावं, त्याला गाठावं. पण गाठून देण्यासारखं हातात दुसरं काही नव्हतं.

"सर," जानकीने हाक मारली, "म्हातारीचा कप्पा आज पुसायचाय ना? राजारामसाहेबांचा दोनदा निरोप आला."

"हात लावू नकोस. मी येतो."

राजाराम आपल्या केबिनमध्ये फोनवर बोलत होता. श्यामकांतला बघून त्याने बोलायच्या बाजूवर तळहात ठेवला.

"झालं ना सगळं? झकास. तो माणूस नीट वागला? मागे त्यानेच न विचारता फाईल उडवली होती ना?"

श्यामकांतने कागद टेबलावर, राजारामच्या पुढ्यात ठेवला.

"त्याने विचारलं होतं," तो म्हणाला.

फोनमधून कोणीतरी पलीकडून बोलत होतं. राजारामने तळहात काढला आणि मान त्या आवाजाकडे कलवली.

"हो हो," तो श्यामकांतला म्हणाला, आणि हातानेच जायची खूण केली.

श्यामकांत गेला नाही. खुर्ची ओढून तो टेबलासमोर बसला आणि फोन खाली ठेवला जाण्याची वाट पाहू लागला.