सोडवलेली बाजू

"अहो, सरळ डोक्यावरून मशीन फिरवा ना. पाच मिनिटांचं काम," मुलीची मावशी दारातूनच म्हणाली. आत यायची तिची छाती होत नव्हती. खोलीत वासच तसा होता. घामट उशी, आंबलेलं दूध आणि कित्येक महिने न धुतलेलं डोकं.

मुलगी पलंगाच्या कडेला बसली होती. विशी नुकतीच ओलांडलेली. मानेवर केसांचा एकच गोळा लोंबत होता, पायपुसण्यासारखा घट्ट आणि तसाच मळलेला. त्यात उवा होत्या, खाण्याचे वाळलेले कण होते, आणि खाली खाजवून खाजवून मानेला जखमा झालेल्या. मी वाकून पाहिलं आणि झटकन मागे सरले. इतकी वर्षं हे काम करतेय, तरी दरवेळी किळस येते. लोक म्हणतात, तुम्हाला सवय झाली असेल. कसली डोंबलाची सवय!

माझं पार्लर नावालाच आहे. बोलावणी येतात ती अशाच घरांतून. ज्यांना अंथरुणातून उठवत नाही, कंगवा उचलवत नाही, अशांची डोकी मी सोडवते. लोक मला गुंतेवाली म्हणतात. फोन मात्र दबक्या आवाजात करतात, शेजाऱ्यांना कळू नये म्हणून.

मी मुलीच्या समोर खाली बसले.

"हे बघ बाळ, डोकं तुझं आहे. सोडवू का कापू?"

ती भिंतीकडे बघत राहिली.

"ती नाही हो बोलत," तिची आई म्हणाली. नाकाला रुमाल लावून ती खिडकीपाशी उभी होती. "महिना झाला, तोंडाला कुलूप आहे. तुम्ही उरका लवकर. परवा मोठीला बघायला पाहुणे येतायत. डोक्याला रुमाल बांधून हिला आत झोपवू, म्हणजे झालं."

"मी तिला विचारलंय," मी म्हटलं.

उत्तर आलं नाही तर सोडवायला घ्यायचं, हा माझा नियम. सोडवलेलं नंतर कापता येतं, कापलेलं जोडता येत नाही. मी गोळ्याला तेल चोपडलं, टोकाकडच्या चार बटा चिमटीत धरल्या आणि मोठ्या दातांचा कंगवा घेऊन बसले.

हा नियम मी कुठे शिकायला गेले नव्हते. धाकट्याच्या बाळंतपणानंतर मीही अशीच पडले होते. झोप येईना, मग उठवेना. बाळ रडलं तरी कुठून तरी लांबून ऐकू आल्यासारखं वाटायचं. एक दिवस सासूबाई आणि जाऊबाईंनी मला धरून न्हाणीत बसवलं आणि दिरांच्या दाढीच्या मशीनने माझं डोकं सफाचट केलं. मला एक शब्द विचारला नाही. वर माझ्या डोक्यावरून त्या पडद्याच्या कापडाच्या गप्पा मारत होत्या, निळं घ्यावं की करडं. आजारातून मी पुढे गोळ्यांनी बरी झाले. त्या पडद्यांकडे बघून मात्र आजही मला मळमळतं. केसांची किळस दोनदा हात धुतले की जाते. माणसांची साबणाने जात नाही.

"एवढा वेळ?" मावशीने उंटावरून शेळ्या हाकायला सुरुवात केली. "आमच्याकडची बाई असती तर एव्हाना घरी गेली असती."

"मग तिलाच बोलवा."

"तसं नाही हो. पण कशाला एवढे लाड? हिला काय कळतंय?"

मुलीची मान माझ्या हाताखाली ताठ झाली. तिला सगळं कळत होतं. मला मावशीच्या तोंडावर तेलाची बाटली रिकामी करावीशी वाटली. पण दात आवळून मी पुढची बट धरली.

दुपार कलली तेव्हा डावी बाजू सुटली. कंगवा मुळापासून टोकापर्यंत सरकन उतरला. कमरेपर्यंत केस, दाट आणि काळेभोर. माझी बोटं सोलवटली होती, पाठ मोडली होती, पण त्या केसांकडे बघून जीव सुपाएवढा झाला. माझे गेले होते, हिचे मी वाचवले होते. आई जवळ आली. तिने नाकावरचा रुमालही काढला.

"कापा," मुलगी म्हणाली.

आवाज इतका घोगरा होता, की कोण बोललं ते क्षणभर कळेना.

"सगळे कापा."

"अगं, अर्धे सुटलेत," मी म्हटलं. "उरलेले संध्याकाळपर्यंत सोडवते. थोडी कळ काढ."

"नको. जड होतात. मला धुवायला जमत नाहीत." तिला धाप लागली. "तुम्ही मला विचारलंत ना?"

"अहो, तिचं काय ऐकता!" आई मध्येच पडली. "एवढे छान निघालेत. असेच सोडवा सगळे. मग पाहुण्यांसमोरही बसवता येईल हिला."

"सकाळी तर मशीन फिरवायची घाई होती."

"तेव्हा काय माहीत होतं असे निघतील ते!"

मला त्या बाईची शिसारी आली. बोलायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, मीसुद्धा कात्री उचलली नव्हती. ते केस मुठीत घट्ट धरून बसले होते, माझ्या मालकीचे असल्यासारखे. स्वतःचीच अशी किळस मला आधी कधी आली नव्हती.

मी मूठ सोडली.

आधी उजवीकडचा गोळा कापला. तो मेलेल्या जनावरासारखा धप्पकन पडला. मग डावी बाजू धरली. तिथे कात्री अडली नाही. दोन घावांत सगळे लांब केस तिच्या मांडीवर आले. आईने ते उचलून छातीशी धरले आणि मुसमुसायला लागली. मला रडायचं नव्हतं, तरी डोळे भरले. मी डोळे बाहीला पुसले आणि बारीक कात्री घेतली.

मुलीने हात वर नेला. टाळू चाचपली, मान चाचपली, सावकाश, जखमा चुकवत. मग कानाशी बोटं थांबली.

"इथे राहिलेत थोडे," ती म्हणाली आणि कान दुमडून धरून बसली.