अड्याळवालीचा एक मार्क

भंडाऱ्यातल्या एका मंगल कार्यालयात मेंदूची परिषद भरली होती. पाच देशांचे मिळून तेवीस शास्त्रज्ञ आणि फलक मात्र लग्नाच्या मांडवाएवढा. विषय होता, म्हातारपणी मेंदू कसा जपावा. चंद्रभागाबाईंना याचं भारी नवल वाटलं. धान डुकरांपासून जपतात हे त्यांना ठाऊक होतं. मेंदू कोणापासून जपायचा, हे आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

मोहाडीजवळच्या गावाहून त्या नवऱ्याला, तुलारामांना, घेऊन आल्या होत्या. वर्षभर तुलाराम धानाच्या बांधीवर जात आणि कशाला आलो ते विसरून तिथंच उभे राहत. गाव म्हणे, वय झालं. वयच असेल तर चंद्रभागाबाई निभावून नेणार होत्या. पण वय की आजार, एवढं त्यांना एकदाचं ऐकायचं होतं. गावची आशा सेविका रीना म्हणाली होती, "काकू, तिथं तपासून देतात. तीसपैकी चोवीस मार्क आले तं घाबराचं काम नाई."

फिनलंडच्या डॉक्टरीणबाई विचारत, सोबत आलेली रीना मराठीत सांगे. वार चुकला, महिना जमला, वजाबाकीत तुलाराम रुसून बसले. शेजारच्या खुर्चीवर चंद्रभागाबाई ओठ मिटून एकेक मार्क बोटांवर धरत होत्या. तेवीस झाले आणि शेवटचा प्रश्न आला: बायकोचं नाव?

"अड्याळवाली," तुलाराम ठणकावून म्हणाले.

कागदावर चंद्रभागा लिहिलेलं. डॉक्टरीणबाईंनी फुली मारली. झालं, चंद्रभागाबाई उठल्याच.

"काहून जी? बरोबर तं हाये! माहेर अड्याळचं माझं. चाळीस वर्षांत ह्यायनं एक दिस नाव नाई घेतलं. आमच्याकडं सुनेले माहेराच्या गावानंच बोलवतात. बाजूची वरठीवाली, तिची जाऊ पवनीवाली. चंद्रभागा म्हणून हाक मारली तं मीच वळून पाहत नाई!"

रीनानं सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंचे डोळे चमकले. त्यांनी वहीत दोन ओळी उतरवल्या, हसल्या, फुली खोडली आणि बरोबरची खूण केली. चोवीस! चंद्रभागाबाईंना गड जिंकल्यासारखं झालं.

परीक्षा संपली होती. डॉक्टरीणबाईंनी आपलं कुतूहल म्हणून विचारलं, "कशी आहे ही अड्याळवाली?"

तुलारामांचा चेहरा खुलला. "तिखट हाये. पण जीव लावते जी. मले उशीर झाला का जेवत नाई, दारात उभी राहते."

चंद्रभागाबाई लाजून चूर झाल्या. चाळीस वर्षांत हे कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी पदर तोंडाला लावला.

तेवढ्यात तुलाराम त्यांच्याकडे वळले आणि अदबीनं, हळूच म्हणाले, "बाई, लय वेळ झाला. मले घरी सोडून देता का? थे वाट पाहून राहिली असन."

डॉक्टरीणबाई रीनाला विचारत होत्या, काय म्हणाले, काय म्हणाले.

चंद्रभागाबाईंनी पदरानं डोळे पुसले. ज्यासाठी आल्या होत्या ते उत्तर त्यांना मिळालं होतं, आणि ते वय नव्हतं.

"सांग त्यायले, रीना," त्या म्हणाल्या. "आन् थो मार्क काटाले सांग."

मग त्यांनी तुलारामांचा हात धरला. "चला जी. सोडून देतो तुमाले घरी."