म्हातारीला जावई पसंत नाही

काटेसाहेबांचं आडनाव काटे नव्हतं. त्यांची सगळी नोकरी वजनमापं तपासण्याच्या खात्यात गेली आणि तराजूचा काटा केसभर हलला तरी ते दुकानदाराला घाम फोडत, म्हणून लोकांनी ठेवलेलं ते नाव. निवृत्त झाल्यावर तपासायला तराजू उरले नाहीत, तेव्हा साहेबांनी माणसं तपासायला घेतली. सध्या तपासणीला होता तो लेकीने पसंत केलेला मुलगा. दातांचा डॉक्टर, ताडमाड उंच, आणि घरात शिरताना मान लववणारा. ती मान नम्रपणाने लवते की डोक्याला चौकट लागू नये म्हणून, हे साहेबांना अजून ठरवता आलं नव्हतं.

मुलात खोट सापडत नव्हती, हीच पंचाईत होती. खोट दिसत नाही याचा अर्थ ती बेमालूम लपवलेली आहे, असा साहेबांचा नोकरीभरचा अनुभव. लेक रोज विचारायची, “बाबा, हो की नाही ते एकदाचं सांगा. तुम्ही नाही म्हणालात तर मी करणार नाही. पण मग दुसरा कुणी दाखवायलाही आणायचा नाही.” साहेब म्हणत, “आधी म्हातारीला तर पसंत पडू दे.”

म्हातारी म्हणजे त्यांची गाडी. लेकीपेक्षा वयाने मोठी, रंगाने एके काळी निळी. हे साहेब आधी गमतीत म्हणाले होते. पण म्हातारीने ते मनावर घेतलं.

पहिल्या रविवारी डॉक्टर त्यांच्या शेजारच्या सीटवर बसला, गुडघे जवळजवळ हनुवटीला लावून. गाडी कोपऱ्यापर्यंत गेली आणि गप्प झाली. डॉक्टर धक्का मारायला उतरला, तर धक्क्याआधीच सुरू. तो परत बसला, परत बंद. पुढच्या रविवारी तेच. मधल्या आठवड्यात साहेब बायकोला शेजारी बसवून सगळं गाव फिरून आले, म्हातारीने हूं की चूं केलं नाही.

“पायगुण,” साहेब स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून कुजबुजले. “पोरगा पाय ठेवतो आणि गाडी मरते. मी असलं काही मानत नाही, पण म्हातारी मानते.”

बायको कांदा चिरत होती. तिने नवऱ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. “पायगुणच असेल,” ती म्हणाली आणि पदराने डोळे टिपले. कांद्यामुळे टिपले, असं साहेबांना वाटलं.

गॅरेजवाल्याने प्लग बदलले, पॉइंट घासले, कॉइल तपासली आणि शेवटी “वय झालं साहेब” एवढं निदान सांगून हात पुसले. वय झालं हे कुणाचं, हे त्याने स्पष्ट केलं नाही. तेव्हा तिसऱ्या रविवारी साहेबांनी स्वतःच बॉनेट उघडलं आणि सगळ्या घराला अंगणात बोलावलं.

“नीट ऐका,” ते म्हणाले. “पेट्रोलचा दोष असला की गाडी खोकत खोकत जाते. ठिणगीचा असला की बोलता बोलता जाते. ही बोलता बोलता जाते. म्हणजे ठिणगी कुठे आणि केव्हा मरते, एवढंच शोधायचं आहे.”

लेकीचं काम प्रयोगशाळेत रक्त तपासायचं. ती म्हणाली, “मग पद्धतशीर करू. एका वेळी एकच गोष्ट बदलायची.” आणि किल्लीशी जाऊन बसली. साहेबांनी एक प्लग बाहेर काढला, त्याची वायर त्याला परत अडकवली, आणि पकडीत धरून तो इंजिनच्या लोखंडाला टेकवला.

“फिरव!”

प्लगच्या टोकाशी चटचट निळी ठिणगी उडाली. अगदी ठसठशीत.

“आता आई बसेल.” आई शेजारच्या सीटवर बसली. ठिणगी उडाली.

“आता डॉक्टर.”

डॉक्टर घडी घालून आत शिरला. किल्ली फिरली, इंजिन घुरघुरलं, ठिणगीचा पत्ता नाही. उतरला, ठिणगी हजर. बसला, गुल. लेकीने त्याला चार वेळा उठबस करायला लावली आणि म्हातारीने चारही वेळा एकच उत्तर दिलं.

साहेबांची छाती आतून फुगत चालली होती. त्यांना वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर फार बरं वाटत होतं. गाडीच नको म्हणतेय, त्याला बाप काय करणार? लेक घरातच राहील. रोज संध्याकाळी तिच्या पायांचा आवाज जिन्यात येत राहील. या भरात ठिणगी नाही म्हणून त्यांनी वायर उघड्या हाताने उचलली, आणि नेमक्या त्याच वेळी आपलं काम संपलं असं समजून डॉक्टर खाली उतरला. लेकीची किल्ली फिरलेलीच होती.

साहेब जागच्या जागी एक फूट उडाले. पकड गुलाबाच्या कुंडीत गेली.

“विचारल्याशिवाय उतरायचं नाही!” ते ओरडले.

डॉक्टर धावत आला. “जरा दुखेल हं,” तो सवयीने बोलून गेला आणि मग ओशाळून म्हणाला, “म्हणजे, फार लागलं का काका?”

“काही नाही लागलं,” साहेब हात झटकत म्हणाले. “म्हातारीचं म्हणणं कळलं का तुम्हाला?”

“मला वेगळंच वाटतंय,” डॉक्टर म्हणाला. “पेशंट ज्या दाताला बोट लावतो, तो पुष्कळदा चांगलाच असतो. किडलेला भलतीकडेच सापडतो. आपण मघापासून इंजिनातच बघतोय, आणि मी तर आत बसतोय.”

बोलणं बिनतोड होतं, त्यामुळे साहेबांना ते आवडलं नाही. पण तपासणी म्हणजे तपासणी. टॉर्च दातात धरून ते शेजारच्या सीटवर उलटे झाले, डोकं खाली आणि पाय सीटच्या पाठीवर, आणि डॅशबोर्डच्या पोटात पाहू लागले.

तिथे एक खटका होता. काळी चिकटपट्टी गुंडाळलेला. ती गुंडाळण्याची पद्धत साहेबांना ओळखीची वाटली, कारण ती त्यांचीच होती.

फार वर्षांपूर्वी गल्लीतली एक गाडी चोरीला गेली होती. त्या धास्तीने साहेबांनी किल्लीकडून कॉइलकडे जाणारी वायर मध्येच तोडून तिथे हा चोरखटका बसवला होता. खटका दाबला की ठिणगी बंद. चोराने नुसतं घुर्रघुर्र करत बसावं. पुढे चोर आला नाही आणि खटका विस्मरणात गेला. आता त्याची स्प्रिंग इतकी सैल झाली होती की जरा दाबलं की वायर तुटायची आणि सोडलं की जुळायची. बायकोचे गुडघे तिथवर कधीच पोचले नव्हते. डॉक्टरचे पोचत होते.

साहेब तसेच उलटे पडून राहिले. कुणाला काही दिसलेलं नाही. बाहेर येऊन ‘काही सापडलं नाही’ म्हटलं की संपलं. बाहेर डॉक्टर लेकीला हळू आवाजात म्हणत होता, “तू बाबांशी वाद घालू नकोस. मी मागे बसत जाईन ना. जन्मभर मागे बसायलाही माझी हरकत नाही.”

साहेबांच्या डोक्यात रक्त उतरलं होतं, आणि त्याबरोबर एक नको असलेला विचारही. पारड्याला हळूच गुडघा लावून काटा मारणारे किती दुकानदार त्यांनी पकडले होते! आणि आज पारड्याला गुडघा लागलाय हे स्वतःच्या डोळ्यांनी बघून ते वजन खरं धरायला निघाले होते. अशा दुकानदाराला त्यांनी काय काय सुनावलं असतं, ते सगळं त्यांना आठवलं.

ते धडपडत बाहेर आले. तोंड लालबुंद.

“सापडला,” ते म्हणाले. “चोर सापडला. चोरखटका आहे खाली. मीच बसवलेला.”

लेक आधी बघतच राहिली आणि मग इतकी हसली की हॉर्नवर आडवी झाली. साहेबांनी बायकोकडे पाहिलं. ती अजिबात चकित झाली नव्हती.

“तुला ठाऊक होतं?”

“खटका बसवताना टॉर्च कोणी धरला होता?”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्हीच बजावलं होतंत. कुणालाही सांगायचं नाही. तुम्ही स्वतः विचारलंत तरी तुम्हालाही नाही, कारण चोर तुमच्या गळ्याला सुरी लावून विचारायला लावील.” ती शांतपणे म्हणाली. “आणि म्हटलं, बघू तरी, तुमचं तुम्हाला सापडतं का.”

साहेबांनी डॉक्टरकडे मान वर करून पाहिलं. बरीच वर करावी लागली. “माझं ‘हो’ आहे,” ते म्हणाले आणि पकड शोधायला कुंडीकडे वळले.

तारीख ठरवायला मुलाच्या आईवडिलांकडे जायचं ठरलं. त्या दिवशी साहेबांनी आपण होऊन किल्ली डॉक्टरच्या हातात दिली आणि स्वतः शेजारी बसले. मायलेकी मागे. म्हातारी झकास निघाली, सगळे चौक पार झाले. शेवटचं वळण घेतलं, डॉक्टरचं घर दिसलं, पायरीवर त्याचे आईवडील उभे दिसले. आणि गाडी बोलता बोलता गेली.

डॉक्टरने दचकून आपले गुडघे पाहिले. ते स्टिअरिंगखाली निमूट होते. मग मागून आई पुढे वाकली.

“आता कोणाचा पायगुण?”

साहेब सीटवरून इतके खाली घसरले होते की खिडकीतून त्यांचं नुसतं टक्कल दिसत होतं. एक पाय ताणून डॅशबोर्डखाली गेलेला.

“माझा,” ते समोर बघत म्हणाले. “दोन मिनिटं थांबू. मग काढतो पाय.”

लेकीने मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो तसाच राहू दिला. डॉक्टरने किल्लीवरचा हात काढून मांडीवर घेतला.

“सावकाश होऊ द्या, काका,” तो म्हणाला. “मीही दात काढताना घाई करत नाही.”

साहेबांना हसू फुटलं आणि हसताना पाय सुटला. डॉक्टरने किल्ली फिरवली, आणि कधी नव्हे ती म्हातारी पहिल्याच हाकेला सुरू झाली.