कानाला बांधलेली पट्टी

मी एक जुना लष्करी टेलिफोन आहे आणि माझा पारा चढलेला आहे. फोनमध्ये पारा नसतो, हे मला माहीत आहे.

मित्रांनो, माझी पेटी लाकडी आहे, बाजूला फिरवायची दांडी आहे आणि रिसीव्हरला एक मळकी कापडी पट्टी आहे. दुसऱ्या महायुद्धात मी सोव्हिएत तोफखान्याचे निरोप पोचवत होतो. मला सांभाळणारी आयगुल कझाकस्तानची, वय वर्षे एकोणीस. तरी इथे सगळे मला 'रशियन फोन' म्हणतात. तिच्याच तुकडीतला एक जण पुढे इंजिनिअर होऊन ओझरच्या विमान कारखान्यात आला आणि जाताना मला चिंतामण फिटरच्या हवाली करून गेला.

त्यानंतर पन्नासहून जास्त वर्षे मी नाशकात एका कपाटावर बसलो. चिंतामणराव पाहुण्यांना सांगत, "ही जखमी जवानाची पट्टी. प्राण सोडताना त्याने फोनला बांधली." पाहुणे हळहळत आणि चहात बिस्कीट बुडवत. मी काहीच बोलू शकत नव्हतो. फोन असून.

यंदा त्यांच्या मुलाला, आल्हादला, माझी आठवण झाली. त्याचे गंगापूर रोडला मिसळीचे हॉटेल आहे. "याची आतडी काढून ब्लूटूथ स्पीकर बसवतो," तो म्हणाला.

त्याची पुतणी तृप्ती आडवी आली. तिच्या कॉलेजात वादविवाद स्पर्धा होती. विषय: सोव्हिएत सेना केवळ गर्दी आणि थंडीच्या जोरावर जिंकली. तृप्ती विरोधात बोलणार होती.

"नंबर आणलास तर फोन तुझा," आल्हाद म्हणाला, "नाहीतर स्क्रू-ड्रायव्हर माझा."

तिच्या भाषणाच्या पहिल्या खर्ड्यात वाक्य होते, 'एकही सोव्हिएत सैनिक कधी घाबरला नाही.' माझा पारा पुन्हा चढला. त्यांचे हुंदके माझ्याच तारेतून गेले होते. मूर्ख हुकूमही गेले होते, आणि त्यापायी गेलेली माणसेही मोजवत नाहीत.

मला स्टेजवर चालवून दाखवायचे म्हणून सराव करताना तिला एका हाताने दांडी फिरवायची होती, दुसऱ्याने लिहायचे होते. रिसीव्हर सारखा घसरत होता. वैतागून तिने पट्टी डोक्यावरून घेतली. अगदी बरोबर बसली.

"आजोबा, ही जखमेची नाही. हात मोकळे राहावेत म्हणून बांधायची आहे."

चिंतामणरावांनी पट्टीवरून बोट फिरवले. "त्या रशियन साहेबाने मला असंच बांधून दाखवलं होतं गं. तोफांना आकडे सांगणाऱ्या आयगुल नावाच्या मुलीचं काहीतरी सांगत होता. मला वाटलं, त्याचं डोकं दुखतंय."

'हीही ऐकीव गोष्टच,' म्हणत त्या संध्याकाळी तृप्तीने ते न घाबरण्याचे वाक्य खोडले.

स्पर्धेत धवल नावाच्या मुलाने टेबल बडवले. "दोन सैनिकांत एक बंदूक! थंडीने जर्मन गोठले!" टाळ्या पडल्या.

तृप्ती मला कानाला बांधून उभी राहिली. हशा पिकला. "एक्केचाळीस साली काही ठिकाणी रायफली कमी पडल्या, हे खरं आहे," ती म्हणाली. "पण चार वर्षांचं युद्ध म्हणजे तेवढंच नाही. थंडी काय फक्त जर्मनांनाच वाजत होती? आणि कुर्स्कची लढाई तर जुलैत झाली. एक मुलगी अशी फोन बांधून तोफांना आकडे सांगत होती. नुसत्या गर्दीला फोन कशाला लागतो?"

पहिला नंबर धवलचा आला. परीक्षकांच्या मते तृप्तीने विरोधकाचा मुद्दा मान्य करायला नको होता.

आल्हाद खिशात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन मागच्या रांगेत बसला होता. घरी आल्यावर त्याने मला उचलले, पट्टी निरखून पाहिली आणि म्हणाला, "दोन्ही हात मोकळे. भारी आहे हे."

आता तो मोबाईल उपरण्याने कानाला बांधून पार्सलच्या ऑर्डरी घेतो आणि दोन्ही हातांनी तर्री वाढतो. मला वाचवले ते इतिहासाने नव्हे, मिसळीने. माझी आतडी शाबूत आहेत. मी गल्ल्याशेजारी बसतो. समोर आल्हादने हौसेने रंगवलेली पाटी आहे: 'अस्सल जर्मन फोन'.

मित्रांनो, मिसळ खायला जरूर या. मला हळू पुसा, पट्टीला हात लावण्याआधी बोटांची तर्री धुवा. आणि पाटी वाचून निघून जाऊ नका. रविवारी तृप्ती असते, तिला विचारा. नाव आयगुल होते, एवढे तरी घेऊन जा.